दहावीच्या वर्षासाठी घरातला अभ्यासाचा कोपरा: जागा निवडण्यापासून दिवा लावेपर्यंत

नववीची परीक्षा संपली की घरात दहावीचं वर्ष सुरू होतं. क्लास ठरतो, पुस्तकांना कव्हरं लागतात, टीव्हीचं रिचार्ज बंद करायचं का यावर बोलणी होतात. मुलगा किंवा मुलगी रोज तीन-चार तास नेमकी बसणार कुठे, हा प्रश्न मात्र मागे राहतो. मग कधी डायनिंग टेबलाचं एक टोक, कधी दिवाणावर मांडीत उशी, कधी गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची, असं वर्षभर चालतं. दर वेळी बसण्याआधी टेबल रिकामं करायचं, दप्तर उपसायचं, चार्जर शोधायचा. पंधरा वर्षांच्या मुलाचा उत्साह एवढ्यातच संपतो आणि आपण म्हणतो, याला अभ्यासाची आवडच नाही.

चांगल्या कोपऱ्यामुळे कुणी हुशार होत नाही. पण अभ्यासाला बसणं सोपं होतं, आणि या वयात ते फार मोलाचं आहे. पुण्यात सदाशिव पेठेच्या आसपासच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची मुलं महिन्याचे पैसे भरून बसतात, ती कशासाठी? एक ठरलेली खुर्ची, समोर पुरेसा उजेड आणि मध्येच कुणी हाक मारणार नाही याची खात्री. एवढं घरात देता येतं, आणि त्याच्या जोडीला अभ्यासिकेत नसलेली ऊबही देता येते. त्यासाठी वेगळी खोली लागत नाही. साडेतीन-चार फूट भिंत आणि तिच्यासमोर तेवढीच मोकळी जमीन मिळाली, तरी वन बीएचकेमध्येही काम होतं.

मोजमापाआधी बोलणं

सुताराला बोलावण्याआधी ज्याचा कोपरा आहे त्याच्याशी बोला. 'तुला काय हवंय?' असं विचारलंत तर 'काहीही चालेल' हेच उत्तर येईल. प्रश्न नेमके हवेत. पहाटे वाचायला आवडतं की रात्री? आसपास माणसं असली की बरं वाटतं की दार लावून? पाठीमागून कुणी ये-जा केली तर चालतं का? गणित सोडवताना पसारा किती होतो? पाठांतर बसून होतं की फेऱ्या मारत? एका मुलीला स्वयंपाकघरातल्या आवाजांत छान लिहिता येतं, तर तिच्याच भावाला कुकरची शिट्टीही सहन होत नाही. दोघांना एकच टेबल देऊन दोघांचं भागणार नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. जो काही खर्च करायचा असेल, त्यातला काही भाग पूर्णपणे मुलाच्या हातात द्या. पडद्याचा रंग, दिव्याचा आकार, बोर्डावर काय लागणार हे त्यानेच ठरवायचं. तुम्हाला काळा पडदा आवडत नसेल आणि त्याला तोच हवा असेल, तर काळा आणा. स्वतः निवडलेल्या वस्तूंमध्ये माणूस आपणहून येऊन बसतो.

आणि हे स्पष्टच लिहिते. ज्या घरात मुलगा आणि मुलगी दोघंही आहेत, तिथे टेबल मुलाचं आणि मुलीचा अभ्यास पलंगावर, असं अजूनही होतं. मुलीला टेबल मिळालंच तर हळूहळू त्यावर इस्त्रीचे कपडे आणि धान्य निवडायची ताटं येतात. तिचा कोपरा तिचाच राहील, हे घरातल्या मोठ्यांनी आधी मान्य करायला हवं.

जागा कोणती

चार-पाच दिवस नुसतं निरीक्षण करा. पुस्तक हातात घेतलं की मूल आपोआप कुठे जातं? खिडकीशी, जिन्यात, आजीच्या खोलीत? त्या जागेत काहीतरी त्याला मानवतं. शक्य असेल तर कोपरा तिथेच किंवा तिच्या जवळ करा.

जागा निवडताना काही गोष्टी तपासून पाहा. टीव्ही समोर नको, आणि त्याचा आवाज येणारी भिंतही नको. दाराच्या उघडझापीत खुर्ची अडकता कामा नये. पलंग हाताशी नसलेला बरा. जागा एवढीच असेल तर निदान पाठ पलंगाकडे असावी. तोंड सरळ भिंतीकडे आणि पाठीमागे अख्खा हॉल, ही रचना घरात सर्रास दिसते. पण या वयातल्या बऱ्याच मुलांना ती नको असते, कारण मागून कुणीतरी बघतंय असं सतत वाटत राहतं. टेबल भिंतीला आडवं लावण्याऐवजी काटकोनात लावलं तर एक बाजू भिंतीला टेकते, दार नजरेच्या टप्प्यात राहतं आणि मूल निर्धास्त बसतं. पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड असावं असा घरच्या थोरांचा आग्रह असेल आणि उजेड, वारा, प्लग हे सगळं जुळत असेल, तर तसं जरूर करा. जुळत नसेल, तर उजेडाला प्राधान्य द्या.

भिंतीवर हात फिरवून पाहा. कोकणात, गोव्यात, घाटमाथ्यावर पावसाळ्यात भिंतींना ओल येते, पोपडे निघतात आणि त्या भिंतीला टेकवलेल्या पुस्तकांना बुरशी धरते. अशी भिंत टाळता आली नाही, तर मांडणी भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवा म्हणजे मागून हवा फिरते. विदर्भ-मराठवाड्यात अडचण उलटी आहे. पश्चिमेची भिंत एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी उशिरापर्यंत तापलेली राहते. दहावीचा पहिला अभ्यास नेमका याच सुट्टीत होतो. त्यामुळे तिथे पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू शोधा. कूलरचा झोत पाठीवर यावा, वहीवर नको.

खोलीत जागाच नसेल तर बंद केलेली गॅलरी, पॅसेजचं टोक किंवा भिंतीतल्या कपाटाचा एक कप्पा बघा. कपाटाचं एक दार काढून, आत योग्य उंचीवर फळी टाकून आणि वर दिवा बसवून छान कोपरा होतो. आतल्या फळीवर पुस्तकंही हाताशी राहतात. फक्त गुडघे आत जातील एवढी मोकळी जागा खाली हवी.

टेबल आणि खुर्ची

राज्य मंडळाचा ८० गुणांचा भाषेचा पेपर ३ तासांचा असतो आणि गणित-विज्ञानाचे ४० गुणांचे पेपर २ तासांचे. घरात सराव प्रश्नपत्रिका सोडवताना मुलाला तेवढा वेळ एका बैठकीत बसता आलं पाहिजे. पलंगावर ते होत नाही, मान आणि कंबर आधी दुखायला लागते.

उंची दुकानदाराला विचारू नका, मुलाच्या अंगावरून घ्या. मुलाला पाय जमिनीवर पूर्ण टेकतील असं बसवा. गुडघ्यामागच्या खळीपासून जमिनीपर्यंतचं अंतर ही खुर्चीची उंची. मग खांदे सैल सोडून कोपर काटकोनात वाकवायला सांगा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर ही टेबलाची उंची. बाजारातली टेबलं साधारण २९-३० इंचांची असतात आणि ती मोठ्या माणसांच्या मापाची आहेत. दहावीतल्या बुटक्या मुलाला ती उंच पडतात, खांदे वर ओढले जातात. तयार टेबलच घ्यायचं असेल तर खुर्ची वर घ्या आणि पायांखाली घरातला लाकडी पाट ठेवा. पाय अधांतरी राहता कामा नयेत.

टेबलाची रुंदी किमान ३ फूट आणि खोली २० ते २४ इंच असावी. बालभारतीचं पुस्तक मोठ्या आकाराचं आहे. ते उघडून ठेवलं, शेजारी वही, कंपास आणि पाण्याची बाटली आली की दोन फुटांचं टेबल संपतं. सुताराकडून करून घेत असाल तर वरची फळी १८ किंवा १९ मिलिमीटर प्लायवूडची घ्या आणि तिच्यावर मॅट सनमायका लावा. चकचकीत सनमायकावर दिवा डोळ्यांत परततो. दमट भागात साधा कमर्शियल प्लाय न घेता पाण्याला टिकणारा प्लाय मागा. फरक थोड्या पैशांचा असतो, पण दोन पावसाळ्यांनंतर कडा फुगत नाहीत.

भिंतीला लावायचं घडीचं टेबल लहान घरात मोठी सोय करतं. त्याआधी भिंत ठोकून पाहा. विटांची किंवा काँक्रीटची असेल तर अँकर फास्टनरवर, म्हणजे भिंतीत घट्ट बसणाऱ्या बोल्टवर, ते पक्कं बसतं. जिप्समच्या पार्टिशनला असं टेबल लावू नका. मूल कोपरं टेकून भार देतं आणि ते निखळू शकतं. घडीच्या टेबलाचा एकच तोटा म्हणजे पसारा तसाच ठेवता येत नाही. अर्धवट गणित उघडं ठेवून जेवायला जाता यावं, ही सोय मला फार मोलाची वाटते. जागा असेल तर टेबल कायमचंच करा.

खुर्चीला चाकं नसली तरी चालेल, पाठ हवी. कमरेच्या बाकावर एक छोटी उशी किंवा घडी केलेला टॉवेल दिला तर साधी लाकडी खुर्चीही तीन तास साथ देते. जमिनीवर बसूनच लिहायची सवय असेल तर तेही उत्तम. मात्र समोर उतरतं बैठं डेस्क हवं, खाली जाड सतरंजी आणि पाठीला भिंत किंवा लोड हवा.

उजेड, ज्यावर सगळं अवलंबून आहे

खर्चाला मर्यादा असेल तर बाकी सगळं मागे ठेवा आणि उजेड आधी नीट करा.

घरात नेहमी असं होतं की ट्यूब एका भिंतीवर आणि टेबल समोरच्या भिंतीला. मूल बसलं की उजेड पाठीमागून येतो आणि स्वतःच्याच डोक्याची सावली वहीवर पडते. मग ते आणखी वाकतं आणि आपण 'ताठ बस' म्हणून ओरडत राहतो. संध्याकाळी एकदा मुलाला लिहायला बसवा, घरातले नेहमीचे दिवे लावा आणि पेनाच्या टोकाशी सावली कुठे पडते ते पाहा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, डावखुऱ्याला उजवीकडून. खिडकीलाही हाच नियम लागू होतो. ती बाजूला असावी. समोर असली तर दुपारी डोळे दिपतात, पाठीमागे असली तर लॅपटॉपच्या पडद्यावर तिचं प्रतिबिंब येतं.

दिवे दोन लागतात. एक खोलीचा आणि एक टेबलाचा. नुसता टेबल लॅम्प लावून बाकी खोली अंधारी ठेवली, तर पानावरून नजर उचलली की दर वेळी डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यावं लागतं आणि ते लवकर थकतात. टेबलावर ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड वाचायला योग्य मानला जातो. मोबाइलवर लक्स मोजणारी मोफत अ‍ॅप मिळतात. ती काटेकोर नसतात, पण आपल्याकडे उजेड फारच कमी आहे का एवढं नक्की कळतं.

एलईडी बल्ब घेताना खोक्यावरचा 'के' (केल्विन, म्हणजे उजेडाचा रंग सांगणारा) हा आकडा वाचा. दुकानात न विचारता हातात पडतो तो बहुतेक वेळा ६५०० के, म्हणजे निळसर पांढरा. टेबलासाठी ४००० केचा मागून घ्या, तो स्वच्छ दिसतो आणि टोचत नाही. खोलीच्या कोपऱ्यात, फळीखाली किंवा बोर्डाच्या कडेला २७०० ते ३००० केचा पिवळसर दिवा लावा. कोपऱ्याला जी ऊब येते ती मुख्यतः या दुसऱ्या दिव्याने. बल्ब लुकलुकतो का हे पाहायला मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा. पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसले तर तो टेबलावर नको.

वयात येताना मुलांची झोपेची वेळ शरीरातच पुढे सरकते. त्यामुळे रात्री अकराला ताजंतवानं असणारं मूल मुद्दाम तसं वागत नसतं. पण १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागतेच, आणि रात्री उशिरा निळसर उजेड डोळ्यांवर पडत राहिला तर झोप आणखी लांबते. म्हणून झोपेआधीच्या तासाभरात मोठी ट्यूब बंद करून पिवळा दिवा आणि टेबलाचा दिवा, एवढंच राहू द्या. त्या वेळात उजळणी करावी, नवा धडा नको.

भारनियमनाच्या गावात वीज गेली की चालू राहणारा चार्जिंगचा एलईडी बल्ब टेबलाच्या होल्डरमध्येच लावून ठेवा. वीज गेल्यावर मेणबत्ती शोधायला उठलेलं मूल परत बसेलच असं नाही.

प्लग हाताशी हवा. लॅपटॉप, दिवा आणि चार्जर एवढ्यांना एक चांगला एक्सटेन्शन बोर्ड पुरतो, पण त्यावर इस्त्री किंवा हीटर लावू नका. वायर जमिनीवर लोळत न ठेवता टेबलाच्या मागून पट्टीत बसवून घ्या.

भिंत आणि फळ्या

रंग हलका असावा. पाच बाय आठ फुटांच्या तुकड्याला दोन हात द्यायला एक लिटर इमल्शन पुरून उरतं. रविवारी मुलानेच तो रंग दिला तर उत्तम.

टेबलाच्या वर एक-दोन फळ्या बसवा. खालची फळी डोक्याला लागणार नाही आणि बसल्या जागेवरून हात पोचेल इतक्या उंचीवर हवी. तिच्यावर फक्त चालू वर्षाची पुस्तकं ठेवा. नववीच्या वह्या, जुनी गाईडं, शिवणाचा डबा, दिवाळीचे कंदील, काहीच तिथे नको. कागदांसाठी विषयवार फाइली आणि सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांसाठी एक वेगळा डबा, एवढं पुरतं. पंख्याखाली कागद उडतात, त्यामुळे एखादं जड पेपरवेट लागतंच.

दोन बाय तीन फुटांचा सॉफ्टबोर्ड लावा. आईच्या किंवा आजीच्या जुन्या सुती साडीचं, नाहीतर खणाचं कापड त्यावर ताणून बसवलं तर तो फार देखणा दिसतो. वेळापत्रकाला एक कोपरा ठेवा, बाकी जागा मुलाची. मित्रांचे फोटो, आवडता खेळाडू, स्वतःची चित्रं, ट्रेकचं तिकीट, त्याला वाटेल ते. 'टार्गेट ९५ टक्के' असा कागद पालकांनी तिथे चिकटवू नये, शेजारच्या मुलाच्या यशाचं कात्रण तर मुळीच नाही. वर्षभर रोज नजरेसमोर राहणारा तो आकडा मुलाला खुर्चीपासून लांब पळवतो. सूत्रं, नकाशे आणि सनावळ्या टेबलासमोर लावण्यापेक्षा फेऱ्या मारण्याच्या वाटेवर लावा, चालता चालता पाठ होतात.

ऊब

इथे मन मोकळं करून सजवा. पायांखाली सुती सतरंजी, खुर्चीवर घडी केलेली गोधडी, खिडकीला जाडसर पडदा. कापडामुळे खोलीतला घुमणारा आवाजही कमी होतो. सोलापुरी चादर थंडीच्या पहाटे खांद्यावरून घेता येते. एखादं हिरवं रोप हवं. मनी प्लँट किंवा स्नेक प्लँट कमी उजेडात तग धरतात. मनी प्लँट पाण्याच्या बाटलीत ठेवलं तर दर आठवड्याला पाणी बदला, कारण डेंग्यूचे डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतात.

वस्तू मोजक्याच ठेवा. टेबलाच्या वरच्या भागात दिवा, पेनांचा स्टँड आणि एक आवडीची वस्तू. त्यापलीकडची शोभा भिंतीवर जाऊ द्या, लिहिण्याची जागा पूर्ण मोकळी राहिली पाहिजे. पाण्याची बाटली आणि दाणे-फुटाण्यांची छोटी बरणी जवळ असली की स्वयंपाकघराच्या फेऱ्या वाचतात.

घरातली माणसं आणि फोन

कोपरा कितीही छान केला, तरी घराने आपली चाल थोडी बदलली नाही तर तो आठवड्याभरात ओस पडतो. दिवसातले दोन तास ठरवा, समजा संध्याकाळी ७ ते ९. त्या वेळात टीव्ही बंद किंवा अगदी हळू, आणि 'जरा कोथिंबीर आण', 'पाहुणे आलेत, बाहेर ये' हेही बंद. आजी-आजोबांची मालिका त्याच वेळेला असेल तर त्यांना चांगले हेडफोन घेऊन द्या. त्यांचा विरंगुळा तोडून मुलाच्या मनावर त्याचं ओझं टाकू नये.

फोनची जागा कोपऱ्याबाहेर ठरवा. हॉलमध्ये एक टोपली आणि तिथेच चार्जर. त्या दोन तासांत आई-बाबांचेही फोन त्याच टोपलीत गेले तर मुलाला तो नियम अन्यायाचा वाटत नाही. वेळ पाहायला टेबलावर साधं घड्याळ हवं, नाहीतर वेळ बघण्याच्या निमित्ताने फोन परत हातात येतो. ऑनलाइन लेक्चर असतील तर ती शक्यतो लॅपटॉपवर, आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत येईल असा तो पुस्तकांच्या चळतीवर उंच ठेवा. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहायचं, ही डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेली सवय लावा. खिडकी बाजूला असली की हे सहज जमतं.

आणि पालकांनी त्या कोपऱ्यात शिरताना विचारून शिरावं. दार नसेल तरी हाक मारून. वह्या उपसून पाहणं, टेबल परस्पर आवरून टाकणं, मागे उभं राहून किती पानं झाली ते मोजणं, यातलं काहीही एकदा झालं तरी जागा परकी होते. धूळ पुसायची असेल तर शनिवारची वेळ दोघांनी मिळून ठरवा.

पहिला महिना आणि पुढे

पहिल्या आठवड्यात अभ्यासाच्या तासांवर बोलू नका. तिथे बसून गोष्टीचं पुस्तक वाचलं, चित्रं काढली, तरी हरकत नाही. जागेची सवय आधी लागू द्या. दुसऱ्या आठवड्यात रोजचं बसणं एका ठरावीक वेळेला बांधा, अर्धा तास का होईना. महिनाभराने मुलाला विचारा की कुठे अडतंय. बहुतेक वेळा उत्तर अगदी किरकोळ असतं. दिवा दोन इंच खाली हवा, फळी लांब पडते, दुपारी ऊन येतं. ते त्याच दिवशी दुरुस्त करा. आपल्या म्हणण्याने जागा बदलते हे दिसलं की मूल तिची काळजी स्वतः घेऊ लागतं.

पूर्वपरीक्षेच्या आसपास बोर्डावरच्या गोष्टी आणि सतरंजी बदलून पाहा. तेच दृश्य महिनोन्‌महिने पाहून कंटाळा येतो, आणि थोड्या बदलाने पुन्हा बसावंसं वाटतं. सराव पेपरच्या वेळी मात्र टेबल पूर्ण रिकामं करा. फक्त पेन, पट्टी, घड्याळ आणि पाणी, परीक्षेच्या बाकावर असेल तेवढंच.

सुताराला सुरुवातीलाच सांगून ठेवा की टेबलाचे पाय खिळ्यांनी नको, स्क्रूने बसवायचे, आणि फळ्यांसाठी वर-खाली करता येतील अशा खाचांच्या पट्ट्या लावायच्या. दहावीनंतर कुणी डिप्लोमाला जाऊन मोठे ड्रॉइंगचे कागद आणतं, कुणी कॉमर्सच्या जाड वह्या, कुणी शिकायला दुसऱ्या शहरात जातं आणि टेबल धाकट्याकडे येतं. स्क्रूचे पाय असले की ते सुटं करून नेता येतं, आणि मुलाची उंची वाढली तर त्याच पायांखाली लाकडी ठोकळे लावून भागतं.